मामाचा रुसवा आणि महाडची मोटार

१३ मे १९४९, शुक्रवार. पहाटे साडेचारपासून मी कुरडयांचा चीक ढवळत होते. गहू तीन दिवस आधी भिजत घातलेले, तेव्हा चीक त्याच दिवशी शिजवायला हवा. एक दिवस राहिला तर आंबून फुकट जातो. हे वहिनीला माहीत होतं आणि मी शुक्रवारी सकाळी महाडला निघणार हेही माहीत होतं. तरी गहू तिनं मंगळवारीच भिजत घातले. बोलण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन सोरे पाडून होतात. साडेसहाला मागच्या अंगणात जुन्या धोतरावर शेवटची कुरडई पाडली, हाताला चिकटलेला चीक खरवडून काढला आणि निघाले.

डोंबिवलीला भावाच्या दोन खोल्यांत मी नऊ वर्षं राहत होते. नवरा गेला तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. भाऊ वाईट नव्हता, वहिनीही वाईट नव्हती, पण दोन खोल्यांत सात माणसं होती आणि माझं अंथरूण सगळ्यांची अंथरुणं घालून झाल्यावर उरेल त्या जागेत पडायचं. शिवण मला चांगलं येत होतं. शेजारपाजारच्या पोलक्यांवर माझा वरखर्च निघे. मार्चमध्ये वर्तमानपत्रात जाहिरात आली: महाडच्या मुलींच्या वसतिगृहाला बाई पाहिजे, मुली सांभाळायच्या आणि त्यांना शिवण शिकवायचं. राहायला स्वतंत्र खोली. ते 'स्वतंत्र खोली' मी तीनदा वाचलं. अर्ज केला, उत्तर आलं. शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी अकरा वाजता समितीपुढे हजर राहावे, येताना स्वतःच्या हातकामाचा नमुना आणावा. वेळेवर न येणाराचा विचार केला जाणार नाही.

नमुना म्हणून मी एक टेबलक्लॉथ भरला होता. मोतिया रंगाच्या दोसुतीवर चार कोपऱ्यांत चार मोर. जाहिरात यायच्या आधीपासून मी तो करत होते, स्वतःसाठी नव्हे, विकायला. पण तसं काम मी पूर्वी कधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. मोरांच्या पिसांचे टाके मी पोरं शाळेत गेल्यावर दुपारच्या उजेडात घातले, कारण दिव्याखाली हिरवा आणि निळा दोरा सारखाच दिसतो.

महाडला बोटीनंही जाता आलं असतं, पण मला बोट लागते. समितीपुढे हिरवट तोंडानं उभं राहायचं नव्हतं. ठाण्याहून थेट महाडला सर्व्हिस मोटार सुटत असे, नऊला निघून संध्याकाळी सहाला पोचणारी. भावाचं म्हणणं, बाईमाणसानं एकटीनं एवढा मोटारीचा प्रवास करू नये, तू संध्याकाळी परत येशील बघ. मी म्हटलं, बघू.

सामान पाठीवर होतं. लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीतलं पलटणीचं सामान बाजारात विकायला आलं होतं, त्यातली एक खाकी पाठपिशवी मी घेतली होती. दोन पट्टे खांद्यांत अडकवले की दोन्ही हात मोकळे. एक पातळ, टॉवेल, अभ्रा घातलेली लहान उशी, सुयादोऱ्यांची डबी, दशम्या, पाण्याचा तांब्या, आणि अगदी वर, कागदात गुंडाळलेला नमुना. नऊवारीवर पलटणीची पिशवी घेतलेली बाई ठाण्याच्या स्टेशनात कुणी पाहिली नसावी. पाहून घेतली सगळ्यांनी.

मोटारअड्ड्यावर गाडी उभी होती आणि नऊ वाजून गेले तरी उभीच राहिली. त्या काळी या गाड्या घड्याळावर सुटत नसत, भरल्यावर सुटत. बाविसावा उतारू मिळायला साडेदहा वाजले. पुढच्या बायकांच्या बाकावर मी एकटीच होते, मग ड्रायव्हरनं स्वतः हात धरून एका म्हातारीला चढवलं आणि माझ्याशेजारी बसवलं. साठीची असेल. लुगडं गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं, दात मिश्रीनं काळे, आवाज असा की गाडीच्या मागच्या टोकाला कुजबुज केली तरी ऐकू जावी. ही माजिवड्याची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात सगळे विधी ती गाऊन चालवते. तिच्यावाचून लग्न लागत नाही. हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर मात्र विसरायची सोय राहिली नाही.

तिनं माझ्या पाठीकडे पाहिलं.

"बाय, पलटणीत जातंस काय?"

मी सांगितलं, महाडला, नोकरीसाठी. मुली सांभाळायची नोकरी.

"दुसऱ्यांच्या?"

"दुसऱ्यांच्याच."

"मंग बरा हाय. आपल्या आयकत नाय."

कळव्याचा पूल ओलांडला आणि मुंब्र्याच्या वळणावर गाडीचं पाणी उकळलं. सगळे उतरले. डोंगराच्या पायथ्याच्या विहिरीवरून पाणी आणलं, ते ओतलं, तेही उकळलं, पुन्हा आणलं. माझा तांब्याही त्यात गेला, म्हणजे पाणी गेलं, तांब्या मी हातात धरून होते. माझ्या मागच्या बाकावर काळी टोपी घातलेले एक गृहस्थ होते, महाडला मेहुण्याकडे निघालेले, कुठल्याशा कचेरीत कारकून. ते उतरून सावलीत उभे राहिले आणि गाडी कशी चालवावी यावर बोलत राहिले. पाणी आणायला गेले नाहीत. पुढे शिळेच्या अलीकडे टायर बसलं. ते बदलेपर्यंत साडेबारा वाजले. मी हिशेब केला: आत्ता सुटलो तरी महाड रात्री साडेआठ. हरकत नाही, अकरा सकाळचे आहेत.

शिळेच्या फाट्यावर पनवेलचा रस्ता उजवीकडे गेला. गाडी डावीकडे वळली.

पहिल्यांदा वाटलं, पेट्रोल घ्यायचं असेल. पण तो बैलगाडीचा रस्ता होता. दोन्ही बाजूंना भाताची उघडी शेतं, भेगा पडलेली, आणि गाडी बांधावरून जावी तशी हेलकावे खात चाललेली. कारकून ओरडायला लागले तेव्हा ड्रायव्हरनं मान न वळवता सांगितलं, वाटेतच एक काम आहे, पंधरा मिनिटांचं. काय काम? भाचीचं लग्न.

ते सगळं मग धवलारणीनं मला सांगितलं, आणि तिच्या मते ते अगदी सरळ होतं. नवरीची आई ही ड्रायव्हरची सख्खी बहीण. लग्नसराईत मालकानं रजा दिली नाही. तशात त्या गावची धवलारीण तापानं पडली, म्हणून दुसरी आणायची जबाबदारी मामानं अंगावर घेतली. तेव्हा त्यानं धवलारीण गाडीत घातली, गाडी घेतली, आणि गाडीत बावीस माणसं होती तीही घेतली. मामानं मांडवात उभं राहायचं, मान घ्यायचा, अक्षता पडल्या की गाडीत बसून पनवेलच्या रस्त्याला लागायचं. उतारूंना जेवण. यात कुणाचं काय बिघडलं, असा त्या गावात कुणालाही प्रश्न पडला नव्हता. मला पडला होता, पण मी एकटीच होते. कारकुनांना आपल्यात धरण्यात अर्थ नव्हता.

गाव लहान होतं, पंधरावीस घरं, मधे मांडव. मी खाली उतरले, कंबर सरळ केली आणि समोर पाहिलं. शेतांपलीकडे, उन्हात थरथरणारी, एक खांबांची रांग होती. आगगाडीच्या विजेच्या तारांचे खांब. त्यांच्या मागे चिंचेची तीन झाडं आणि पिवळ्या चाळीची भिंत. ती चाळ मी नऊ वर्षं रोज पाहत होते. ते डोंबिवली होतं. सकाळी निघून, ठाण्याला जाऊन, सहा तास प्रवास करून मी माझ्या कुरडयांपासून तीन मैलांवर येऊन उभी होते.

कारकुनांना मी कुठली हे बोलण्यात कळलं होतं. ते म्हणाले, "तुमचं बरं आहे बाई. तुम्हाला चालत घरी जाता येईल."

चालत तासाभराची वाट होती हे मलाही दिसत होतं. भाऊ ओटीवर बसलेला असेल आणि फक्त वहिनीकडे पाहील, हेही दिसत होतं. मी गाडीकडे पाठ न करता सावलीत बसले.

आता पंधरा मिनिटं. तीही निघाली असती. पण आम्ही दोन तास उशिरा पोचलो होतो. मुहूर्त टळलेला, वरपक्ष कंटाळलेला, आणि नवरीचा मामा नाही. मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं आणि त्याबद्दल वरपक्षानं त्याला पागोटं बांधायचं असतं. मामा येत नाही असं पाहून कुणी तरी शहाण्यानं सुचवलं, चुलत मामा आहे ना, त्याला बांधा. त्याला बांधलं. गुलाबी, चांगलं घसघशीत. आम्ही मांडवापाशी पोचलो तेव्हा तो चुलत मामा ते डोक्यावर घेऊन मधोमध बसला होता.

ड्रायव्हरनं ते मांडवाच्या दारातून पाहिलं. वळला, गाडीत जाऊन स्वतःच्या जागेवर बसला आणि दार लावून घेतलं.

बहीण धावत आली. दादा, उतर, म्हणून विनवू लागली. तो काचेतून समोर पाहत राहिला. ज्याला बांधलंय त्यालाच उभा कर, एवढंच म्हणाला. बहिणीनं चुलत मामाला विचारलं, त्यानं सांगितलं की चारचौघांत बांधलेलं पागोटं उतरवायला तो काही मेलेला नाही. वराच्या बापाला विचारलं, तो म्हणाला, एका लग्नात दोन मामांना पागोटी द्यायची त्यांच्यात रीत नाही, आणि असती तरी दुसरं आणलेलं नाही. दुसरं आणायचं तर कल्याणच्या बाजारात माणूस जाऊन येईपर्यंत संध्याकाळ. धवलारणीला विचारलं, चुलत मामावर भागव. ती म्हणाली, गाण्यात सख्ख्या मामाला हाक असते, तो गावात नसता तर गोष्ट वेगळी, पण तो इथं पन्नास पावलांवर बसलेला असताना ती दुसऱ्याला हाक मारणार नाही. एवढं बोलून ती पाटावर बसली आणि मिश्री लावायला लागली.

मी गाडीपाशी गेले.

"अहो, तुम्हाला लग्नाला जायचं नसेल तर गाडी चालवा."

"भाचीचा लगीन लागल्याबिगर गारी हलवाची नाय."

"मग लग्नाला जा."

"मानाबिगर मांडवात पाय ठेवाचा नाय."

यातून बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे ते मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ते त्यांना विचारा. 'त्यांना' म्हणजे सगळ्या जगाला.

दीड वाजला, दोन वाजले. उतारूंना जेवायला वाढलं. मला वेगळं काढून वाल आणि भात दिला. मी जेवले. परजातीत जेवणं ही काही त्या काळी घरी सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि मी सांगितलीही नाही, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, दशम्या उन्हानं वाळून कवड्या झाल्या होत्या, आणि वाल उत्तम शिजले होते. बाकीचे उतारू जेवले आणि मांडवाच्या कडेला आडवे झाले. त्यांना महाडला कुणी अकरा वाजता बोलावलं नव्हतं. कारकुनांनी खिशातून शिसपेन्सिल काढली आणि मालकाच्या नावे एक अर्ज लिहिला, साडेतीन पानी. मग झोपलेल्यांना उठवून सह्या घेत फिरले. माझ्यापाशी आले तेव्हा मी विचारलं, हा अर्ज गाडी ओढणार आहे का? ते दुखावले.

तीन वाजता मी पुन्हा हिशेब केला. ड्रायव्हरनं एव्हाना सांगून ठेवलं होतं की गाडीचे दिवे मंद आहेत, अंधार पडल्यावर पनवेलच्या पुढे जाणार नाही. म्हणजे रात्र पनवेलला. पहाटे पाचला सुटलं तर अकराला महाड. त्यासाठी आज पनवेल गाठलंच पाहिजे. आणि पनवेल आणि मी यांच्यामधे फक्त एक पागोटं होतं.

माझ्या पिशवीत कापड होतं.

हे मला दोन वाजल्यापासून सुचत होतं आणि मी ते सुचू देत नव्हते. पण सरळ पाहिलं तर गणित सोपं होतं. नमुन्याशिवाय समितीपुढे गेले तर कदाचित नोकरी मिळणार नाही. नमुना घेऊन इथं बसले तर नक्कीच मिळणार नाही. कदाचित आणि नक्की यांत निवड करायला मोठी अक्कल लागत नाही. पुढे वसतिगृहात बारा वर्षांत ही गोष्ट मी मुलींना पुष्कळदा सांगितली. त्यांना वाटे, मला फार वाईट वाटलं असेल. वाईट नाही, मला संताप आला होता. सहा महिन्यांचं काम, आणि कुणासाठी, तर एका चाळिशीच्या रुसलेल्या मुलासाठी.

मी धवलारणीपाशी जाऊन बसले आणि विचारलं, वरपक्षाची रीत नाही, ठीक. पण पाहुण्यांनी मामाला मान दिला तर?

"कोन पावने?"

"आम्ही. गाडीतले. मामानं आम्हाला लग्नाला आणलं, जेवू घातलं. आमच्याकडून मामाला मानाचं बांधलं तर वरपक्षाचं काय जातं?"

तिनं बोट दातांवरून फिरवलं. "जात काय नाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "कापड कंय हाय?"

मी पिशवी उघडली. कागद सोडला. टेबलक्लॉथ तिच्या मांडीवर पसरला तशा आजूबाजूच्या बायका सरकत आल्या. एकीनं मोराच्या पिसावरून बोट फिरवलं आणि मागची बाजू उलटून पाहिली. ते पाहून मला तिच्याबद्दल बरं वाटलं, काम कळणारी माणसं आधी मागची बाजू पाहतात. दुसरीनं विचारलं, हा कुठं घालायचा? मी म्हटलं, टेबलावर.

"टेबलाला मोर?" ती म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हसण्यासारखं होतंच.

धवलारीण म्हणाली, चल, तूच बांध, तुझा कापड हाय. मी म्हटलं, माझ्या हातून नको. मंगलकार्य आहे. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, बहुतेक सकाळपासून पहिल्यांदाच. "ता बी हाय," म्हणाली, आणि कापड उचलून उठली.

आम्ही सगळ्या गाडीपाशी गेलो. मी कारकुनांना उठवून पुढे उभं केलं, कारण उतारूंच्या वतीनं कुणी पुरुष माणूस बोललेला बरा, आणि बोलायला ते तयारच असत. त्यांनी चांगलं केलं, ते मान्य करायला हवं. आम्ही बावीस उतारू, असं सुरू करून, मामांच्या उपकाराखाली आहोत इथपर्यंत गेले. उपकार म्हणताना त्यांचा आवाज जरा घसरला, पण त्यांनी सावरलं. अर्ज त्यांच्या खिशातून डोकावत होता.

ड्रायव्हरनं काच खाली केली. कापड चाचपलं. "नवा हाय ना?"

"नवं आहे," मी म्हटलं.

"कुनी वापरला नाय?"

"मीसुद्धा नाही."

त्यानं मोराकडे पाहिलं. मग मांडवाकडे पाहिलं, तिथल्या गुलाबी पागोट्याकडे. त्यावर मोर नव्हता. तो उतरला.

धवलारणीनं कापड तिरपं दुमडलं, पीळ दिला आणि तिथंच उभ्या उभ्या त्याच्या डोक्याला बांधलं. तिनं मुद्दाम केलं की आपोआप झालं ते मला कळलं नाही, पण एक मोर नेमका कपाळावर आला. बाकीचे तीन आत गेले. बहिणीनं भावाला हाताला धरून मांडवात नेलं. चुलत मामा त्या मोराकडे पाहत राहिला, आणि मला भीती वाटली की आता हा रुसणार. पण वराच्या बापानं त्याला कोपरानं ढोसलं आणि त्यानं आपलं गुलाबी पागोटं सारखं केलं.

लग्न सुरू झालं तेव्हा चार वाजले होते. मी धवलारणीला हळूच म्हटलं, आजी, थोडं आटोपतं घ्या, आम्हाला पनवेल गाठायचंय. गाणं न थांबवता दोन ओळींच्या मधे तिनं मला उत्तर दिलं, "अर्ध्या लग्नाची पोर तू महाडला नेशील काय?" आणि पुढची ओळ उचलली. तिनं एकही ओळ गाळली नाही. मला त्या दिवशी ती गाणी अतिशय लांब वाटली. आवाज चांगला होता.

सहा वाजता अक्षता पडल्या, पावणेसातला नारळ आणि सुपाऱ्या वाटून झाल्या, सातला गाडीला हँडल मारलं. तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, आता लग्न झालं, मान झाला, तो कपडा मला परत द्या, मला उद्या तो दाखवायचा आहे. काय आणि कशासाठी तेही सांगितलं. त्याला खरंच धक्का बसला. मानाचा कपडा कुणी परत घेतं का, असं त्यानं मला विचारलं, आणि ते अशा मऊ आवाजात की लहान मूल काही वावगं बोललं तर आपण समजावतो तसं. धवलारीण तिथंच राहणार होती, ती निरोप द्यायला आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याच बाजूची निघाली. दिलेलं परत घेतलं तर लग्नाला दोष लागतो, म्हणाली. मी म्हटलं, आणि माझ्या नोकरीला? ती म्हणाली, "ज्येला मोर काढता येतंय त्येला नोकरी देनार नाय तर कोनाला?" मी म्हटलं, पण त्यांना मोर दिसायला नको का? तिनं माझ्या हातात एक नारळ ठेवला.

पनवेलपर्यंत माझ्यापुढे, काचेच्या उजेडात, ड्रायव्हरचं डोकं आणि त्यावर माझे चार मोर होते. एक वळण आलं की कपाळावरचा मोर बाजूला येऊन माझ्याकडे पाही. मी डोळे मिटून घेतले. कारकुनांनी विचारलं, अर्जावर आता तरी सही करता का. मी केली.

रात्री गाडी पनवेलच्या तळ्याजवळ उभी राहिली. मी बायकांच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन झोपले.

सकाळी पाचला मी ड्रायव्हरला उठवलं. तो गाडीच्या टपावर झोपला होता आणि हाकांनी उठेना, म्हणून मी त्याच्या जागेवर बसून भोंग्याचा रबरी फुगा दाबला आणि तो खाली येईपर्यंत दाबत राहिले. कारकुनांसह सगळे जागे झाले, ते बरंच झालं. सव्वापाचला आम्ही निघालो. उजाडल्यावर मी पिशवीतून उशी काढली, अभ्रा उसवला आणि त्यातून वीतभर लांबीरुंदीचा तुकडा कापला. डबीतून सुई आणि पांढरा दोरा काढला. मोर काढायला सहा महिने लागतात, माझ्याकडे पाच तास होते. तेव्हा विचार केला की वसतिगृहातल्या तीस-पस्तीस मुलींचं रोज काय फाटत असेल. मी तुकड्याला मधोमध भोक पाडलं आणि त्यावर ठिगळ लावलं, धाग्याला धागा जुळवून, वरून शिवण दिसणार नाही असं. कडेनं बारीक दुमड घातली. एका बाजूला सहा काजं केली. एका कोपऱ्यात उभा चिरा देऊन तो रफू केला. रस्ता सरळ असेल तेव्हा टाके घालायचे, खड्डे आले की सुई वर धरून थांबायचं. सुकेळीच्या खिंडीत वळणावर सुई बोटात गेली. बोट तोंडात धरलं, रक्त कापडाला लागू दिलं नाही.

महाडला गाडी पोचली तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. विहिरीवर तोंड धुतलं, पाठीवरची पिशवी काढायला वेळ नव्हता, ती तशीच ठेवली. समितीचे तिघे जण टेबलामागे बसले होते. मधल्या गृहस्थांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नमुना मागितला. मी तुकडा टेबलावर ठेवला. रफूचा दोरा अजून लोंबत होता, आणि माझी कात्री पाठीवरच्या पिशवीत राहिली होती. मी म्हटलं, "जरा कात्री असेल का इथं?" आणि एका बाईंनी ती आणून दिल्यावर दोरा कापला.